इंजेरा घशाखाली उतरला नाही, आता दोन वर्षं इथिओपियात जेवायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं उत्तर भलतीकडे जायला नको. तळेगावच्या पॉलिहाऊसमधून तुम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात अदिस अबाबाजवळच्या होलेटाच्या गुलाबाच्या फार्मवर निघालाय, दोन वर्षांच्या करारावर. घर माळकरी, त्यामुळे मांस, मासे, अंडी बंद. तिकडून सुट्टीवर आलेल्या एका सहकाऱ्याने पिशवीतून इंजेरा (तिथली आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी) आणला होता. त्याचा तुकडा तुम्ही चहाबरोबर खाऊन पाहिलात आणि तो तुम्हाला ‘आंबलेल्या ओल्या फडक्यासारखा’ लागला. आता तयार पाकिटं आणि लोणच्याच्या बरण्या भरून न्यायच्या की तिथलं जेवण जमेल, हा प्रश्न. शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंय, ‘मला बाहेरच्या देशाचं काहीच चालत नाही, थाई करीसुद्धा गेली नाही.’

मी अदिस अबाबात बरीच वर्षं भारतीयांसाठी मेस चालवली. फुलांच्या फार्मवरची मुलं, कापड गिरण्यांतले फिटर, कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक असे सगळे जेवायला असायचे, आणि ठरावीक वारी आम्ही तिथलं जेवणही लावायचो. त्यामुळे नव्या माणसाचं कुठल्या घासाला अडतं ते समोर उभं राहून पाहिलंय. तुमच्या सहकाऱ्याने आणलेला इंजेरा किमान दीड-दोन दिवसांचा असणार, थंड, आणि तुम्ही तो नुसता खाल्लात, वर चहा. तसा तो मलाही जाणार नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत आणि त्या प्रश्नात आलेल्या नाहीत. कांदा-लसूण चालतो का? चालत नसेल तर तिथलं बाहेरचं जेवण जवळजवळ विसराच, का ते पुढे सांगते. ज्या स्वयंपाकघरात मांस शिजतं तिथलं शाकाहारी चालणार आहे का? फार्मच्या जवळच्या खानावळीत वेगळी भांडी, वेगळा डाव असं काही नसतं. आणि पित्ताचा त्रास आहे का? आंबट, तिखट आणि नवी हवा तिन्ही एकदम आलं तर पहिल्या आठवड्यात पोट कुरकुरतंच. या तिन्हींत तुमची अडचण नाही असं धरून पुढचं लिहितेय.

आधी इंजेराचं बघू. टेफ हे तिथलं धान्य, खसखशीएवढं बारीक. त्याचं पीठ भिजवून त्यात आधीच्या आंबवणाच्या वर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे इर्शो, घालतात आणि दोन-तीन दिवस ठेवतात. अदिस समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरवर आहे, होलेटाही साधारण त्याच उंचीवर. हवा गार, म्हणून आंबायला वेळ लागतो. मग त्यातलं थोडं पीठ पाण्यात शिजवून परत मूळ पिठात मिसळतात. याला अब्सित म्हणतात, याने इंजेरा लवचीक होतो आणि जाळी चांगली पडते. भाजायला मिताद, म्हणजे मातीची मोठी सपाट थाळी. शहरात आता विजेवरची असते. आमच्याकडे कामाला असलेली बाई काठापासून सुरुवात करून गोल गोल आत येत पिठाची धार सोडायची, वर डोळे फुटले की झाकण ठेवायची. उलटायचं नाही, एकाच बाजूने भाजायचं. काठ सुटू लागले की गवताची विणलेली चकती खाली सरकवून अख्खा इंजेरा उचलायची. तिच्या पिठात मिठाचा कणही नसायचा.

यात तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, बिनमिठाचा आंबट पदार्थ नुसता खायचा नसतो. त्याच्याबरोबर जे येतं ते तिखट, दाट आणि तेलकट असतं, आणि त्या तेलाला तो आंबटपणा कापतो. दुसरी गोष्ट कोणी आधी सांगत नाही. इंजेरा आठवड्यातून दोन-तीनदाच भाजतात, पूर्ण गार करतात आणि टोपलीत एकावर एक रचून ठेवतात. ताटात तो गारच येतो. आपल्याला तव्यावरून ताटात पडलेलं हवं, आणि माझ्या अनुभवात मराठी माणसाचं पहिलं अडतं ते इथे. तोंडाने म्हणतो ‘आंबट आहे’, पण खटकलेलं असतं ते गारपण. तक्रार करणाऱ्या मुलांना मी भाजणीच्या दिवशी अजून कोमट असलेला इंजेरा वाढायचे, तेव्हा तीच मुलं दुसरा मागून घ्यायची. शिवाय जसजसा दिवस जातो तसा तो आणखी आंबट होतो. म्हणून खानावळीत बिनधास्त विचारा की आजचा आहे का. पांढऱ्या टेफचा जरा सौम्य आणि महाग, लालसर टेफचा चवीला जड. साध्या ठिकाणी टेफात ज्वारी, जव किंवा तांदूळ मिसळलेला असतो, त्याचा पोत वेगळा लागतो.

दुसरं अडतं ते प्रमाणाचं. आपला हात पोळी-भाकरीला सरावलेला, म्हणून मोठा तुकडा तोडतो आणि त्याला जरासं कालवण लावतो. तिथे उलटं करायचं. बाजूला गुंडाळी करून ठेवलेला इंजेरा असतो, त्याचा दोन बोटांएवढा तुकडा तोडायचा, तो कालवणावर ठेवून बोटांच्या चिमटीत कालवण भरपूर पकडायचं आणि तोंडात टाकायचं. बुडवायचं नाही, पुसायचं नाही. खाली अंथरलेला इंजेरा शेवटपर्यंत तसाच ठेवा. त्यात सगळ्या कालवणांचा रस मुरतो आणि माझ्या मते ताटातला सगळ्यात चांगला घास तोच. फक्त उजवा हात, हे तुम्हाला सांगायला नको.

आता कांद्याचं. वोत म्हणजे दाट कालवण. त्यासाठी ढीगभर कांदा अगदी बारीक चिरून कोरड्या पातेल्यात, तेलाचा थेंब न घालता, मंद आचेवर परतत बसतात. पाणी सुटतं, आटतं, करपेल असं वाटलं की पाण्याचा हबका, असं करत त्याचा लगदा होतो. तेल त्यानंतर, मग बर्बेरे, आणि परत बराच वेळ शिजणं. बर्बेरेत लाल मिरचीबरोबर लसूण, आलं, मेथी, ओवा, कलौंजी आणि कोरेरिमा नावाची तिथली वेलची असते. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं. मोहरीची फोडणी नाही, कढीपत्ता नाही, नारळ नाही. दाटपणा कांद्याचा, गोडवाही कांद्याचा. कांदा काढून टाकला तर वोत उरतच नाही, म्हणून वर तो प्रश्न विचारला.

शाकाहारी माणसासाठी इथिओपिया सोपा देश आहे, पण कॅलेंडर बघून. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी त्सोम पाळतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी काहीही नाही. साबुदाणा-वरीचा उपवास डोळ्यांसमोर आणू नका, हे डाळी-भाज्यांचं पोटभर जेवण असतं. पुष्कळ जण दुपारपर्यंत काही खात नाहीत आणि मग व्यवस्थित जेवतात. ईस्टरच्या आधी हुदादे, तो ५५ दिवसांचा. ऑगस्टमध्ये फिल्सेता. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला, त्याच्या आधीही मोठा त्सोम असतो. या दिवसांत कुठल्याही साध्या खानावळीत येत्सोम बेयाय्नेतु मागा. एका इंजेरावर तिखट मसूर, हळदीतला पिवळा वाटाणा, गोमेन नावाची गडद पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजर, बीट, फरसबी, टोमॅटोची कोशिंबीर असे ढीग घालून ताट येतं. लोणीसुद्धा नसल्यामुळे ते आपल्या व्याख्येपेक्षाही कडक शाकाहारी असतं.

पण तुमची तारीख अडचणीची आहे. ईस्टरला तिथे फासिका म्हणतात, आणि फासिकानंतर ५० दिवस बुधवार-शुक्रवारसुद्धा पाळत नाहीत. दोन महिने त्सोम करून लोक मांसावर तुटून पडलेले असतात. मेच्या मध्यात तुम्ही पोचाल तेव्हा नेमका हाच काळ असेल, आणि तुमच्या आधी गेलेल्या कोणी ‘बुधवारी काळजी नाही’ असं सांगितलं असेल तर त्यावर विसंबू नका. शिवाय होलेटाच्या बाजूला प्रोटेस्टंट लोकही बरेच, ते हे त्सोम पाळत नाहीत. हे ५० दिवस संपेपर्यंत तुमचा आधार म्हणजे शिरो, तो बारमाही मिळतो.

शिरोबद्दल जरा थांबून सांगते, कारण पुढची दोन वर्षं तुम्ही तोच सर्वांत जास्त खाल. हरभरा, वाटाणा किंवा बाकला भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ, ते कांद्याच्या लगद्यात घालून शिजवतात. तेगाबिनो मागवलात तर लहान मातीच्या भांड्यात, टेबलावर ठेवल्यावरही रटरटत असतो. गरम खाणाऱ्याला पहिल्या दिवशी याच्याइतकं चांगलं काही नाही. तुम्हाला सगळे सांगतील, ‘आपलं पिठलंच ते’. मीही नव्या मुलांना सुरुवातीला तसंच सांगायचे आणि मग सोडून दिलं. पिठलं म्हणून तोंडात घातलं की माणूस मोहरी शोधतो, हिरवी मिरची शोधतो, लसणाचा तो ठसका शोधतो, आणि यातलं काही सापडलं नाही की म्हणतो, ‘पिठलं बिघडलंय’. शिरो गोडसर, भाजक्या चवीचा, मिरचीचा तिखटपणा मागून येणारा. त्याला त्याच्या नावाने खाल्लं तर दुसऱ्या-तिसऱ्या ताटाला तो आवडायला लागतो. तुमच्या थाई करीचंही असंच झालं असावं. करी म्हटल्यावर तुम्ही रश्श्याची वाट पाहिलीत आणि वाटीत आली लेमनग्रास घातलेली नारळाच्या दुधाची करी.

मागवताना तीन-चार शब्द लागतील. ‘येत्सोम अल्ले?’ म्हणजे त्सोमचं जेवण आहे का. ‘सिगा अल्बेलाम’ म्हणजे मी मांस खात नाही. बोझेना शिरो मागवू नका, त्यात मांस असतं. गोमेन बेसिगा म्हणजे मांस घातलेली पालेभाजी, तीही नको. त्सोमात मासा चालतो असं मानणारेही काही आहेत, त्यामुळे हॉटेलात ताटात ‘असा’, म्हणजे मासा, नाही ना ते विचारून घ्या. पण शिंब्रा असा दिसलं तर घाबरू नका, ते हरभऱ्याच्या पिठाचे माशाच्या आकाराचे तुकडे असतात, मासा नसतो. आयिब नावाचं पांढरं, भुसभुशीत चीज ताक तापवून करतात, ते तुम्हाला चालेल. त्सोम नसलेल्या दिवशी शिरोत निटर किब्बे, म्हणजे मसाल्यात कढवलेलं तूप असतं. शाकाहारीच, पण त्याला रानटी झाडपाल्याचा एक वास असतो आणि काहींना तो पहिल्यांदा जात नाही. तेलातला हवा असेल तर येत्सोम शिरो मागा.

पहिले पंधरा दिवस मी असे काढायला सांगेन. सकाळी तिथलं खा, दुपारी तिथलं खा, रात्री खोलीवर वरण-भात करा. रात्री आंबट-तिखट आणि वर दमलेलं अंग, अशा वेळी नवी चव घ्यायची नाही. दमलेल्या माणसाला घरचंच हवं असतं आणि तो नव्या पदार्थावर राग काढतो. न्याहारीला चेचेब्सा बघा. न आंबवलेली जाड पोळी तुकडे करून तूप आणि बर्बेरेत परततात, कधी वर मध. गरम, आंबट अजिबात नाही. होलेटा ओरोमिया प्रांतात आहे आणि चेचेब्सा ओरोमो लोकांची खास न्याहारी, तिथे तो चांगलाच मिळणार. फुल म्हणजे बाकल्याची उसळ पावाबरोबर, अंडं नको म्हणून सांगा. किंचे म्हणजे भरडलेल्या गव्हाची तुपातली लापशी. या तिघांवर पहिला आठवडा पोट आणि जीभ दोन्ही शांत राहतात. दुपारी आधी शिरो, हवं तर दाबोबरोबर, म्हणजे तिथल्या पावाबरोबर. मग किक अलिचा, तो हळदीतला वाटाणा, बिनमिरचीचा. मग मसूर. ताट अनोळखी वाटेनासं झालं की फिरफिर, इंजेराचे तुकडे तिखट रश्शात मुरवलेले. तिथवर आलात की माझं काम संपलं.

एका घासावर ‘आवडत नाही’ ठरवू नका, एवढंच मी मागते. मेसमध्ये मी असं पाहिलं की जी मुलं तोंड वाकडं करून एक तुकडा चाखायची ती कधीच सरावली नाहीत, आणि जी भुकेच्या वेळी अख्खं ताट घेऊन बसायची ती सरावली. भूक असावी लागते, आणि ताट दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणचं असावं लागतं. इतकं करूनही नाही आवडलं तर नाही आवडलं. मला स्वतःला कोचो अजून जात नाही. एन्सेत नावाच्या केळीसारख्या झाडाचा गर जमिनीत पुरून आंबवतात, त्याची ती भाकरी. गुरागे लोकांचा जीव त्यावर, माझा नाही. त्यात कमीपणा काही नाही.

आता उष्ट्याचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण माळकरी घरातल्या माणसाला हे टोचणार. तिथे चार जण एकाच मोठ्या ताटात जेवतात. नियम असा की आपल्या समोरच्या बाजूचंच खायचं, हात पलीकडे न्यायचा नाही, बोटं चाटायची नाहीत. जेवणाआधी हातावर पाणी घालायला कोणीतरी येतं. नीट पाळलं जातं तेव्हा हे आपल्याला वाटतं तितकं उष्टं-खरकटं होत नाही. तरी जमत नसेल तर पहिल्याच दिवशी हसून सांगा की माझं धर्माचं पथ्य आहे, वेगळं ताट द्या. पथ्याला तिथे फार मान आहे, त्यांचं स्वतःचं वर्षातलं निम्मं पथ्यातच जातं. गुर्शा मात्र टाळणं अवघड. मायेने कोणी स्वतःच्या हाताने घास करून तुमच्या तोंडाशी धरतं, तो नाकारला की समोरचा खट्टू होतो. पॅकहाऊसमधल्या बायका डबा उघडला की तुमच्यापुढे घास धरणारच. माझा सल्ला, तो घास शाकाहारी आहे का ते आधी विचारा आणि मग घ्या.

कॉफीला नाही म्हणू नका. हिरव्या बिया समोर भाजतात, त्यांचा धूर सगळ्यांना हुंगायला देतात, खलबत्त्यात कुटतात आणि जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. तीन फेऱ्या असतात, अबोल, तोना आणि बेरेका, प्रत्येक फेरी आधीच्याहून पातळ. बरोबर लाह्या किंवा भाजलेले जव. ओळखी जेवणापेक्षा इथेच होतात आणि यात तुमच्या कुठल्याच पथ्याला बाध येत नाही. वेळेचं तेवढं लक्षात ठेवा. त्यांचं घड्याळ सहा तासांनी वेगळं चालतं, ‘सहाला जेवायला ये’ म्हणजे दुपारी बारा. विचारून खात्री करा, नाहीतर संध्याकाळी जाऊन बसाल.

हे वाचणारे मांसाहारी असतील त्यांच्यासाठी थोडंसं. दोरो वोत, म्हणजे कोंबडी आणि उकडलेलं अंडं, सणाचा पदार्थ, कांदा तासन्‌तास शिजतो, तो घरी बोलावून खायला मिळाला तर सोडू नका. कित्फो म्हणजे कच्चं खिमलेलं गोमांस, मसाल्याच्या तुपात कालवलेलं. कच्च्या गोमांसातून पट्टकृमी होतात, हे तिथल्या लोकांनाही पक्कं ठाऊक आहे आणि त्यावर कोसोच्या झाडाचं औषध पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. नव्या माणसाने ते पूर्ण शिजवूनच मागवावं. लेब लेब म्हणजे अर्धकच्चं, तेही मी सुचवणार नाही.

राहिलं सामान. दोन वर्षांची पाकिटं नेऊ नका. मसूर, हरभरा, वाटाणा, मेथी, हळद, ओवा, आलं-लसूण सगळं तिथल्या बाजारात मिळतं, मोठी खरेदी असेल तर अदिसचा मेर्कातो आहे. ज्वारीला माशिला म्हणतात, पीठ मिळतं, भाकरीची सोय झाली. नेण्यासारखं म्हणजे हिंग, मोहरी, गोडा मसाला, थोडी तूरडाळ, वाळवलेला कढीपत्ता आणि घरचं एखादं लोणचं. आणि कुकर हवाच. त्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तीन लिटरचा पुरतो. बरोबर दोन जादा गॅस्केट आणि एक शिट्टी घ्या, तुमच्या कंपनीच्या मापाची तिथे मिळतीलच असं नाही.